दुधाच्या वहीतली न्याहारी

दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. कविता कुठलीही येवो, मुलं तिला या तीन खणांत बसवतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. पाककृतीच्या वाट्याला मात्र हा मान येत नाही. ती करून बघायची, जमली तर पुढं सांगायची, एवढाच तिचा उपयोग असं आपण धरून चालतो. वास्तविक नीट लिहिलेल्या पाककृतीत वाचण्यासारखं पुष्कळ असतं. कोण कुणाला सांगतंय, घरात खाणारी तोंडं किती, दारात काय पिकतं, गॅसपाशी कोण उभं राहणार, हे सगळं वाट्या-चमच्यांच्या हिशेबात उतरलेलं असतं.

जुन्नर तालुक्यात आळे गावी माझ्या मामांच्या घरी अशी एक पाककृती आहे. डेअरीची दुधाची वही असते. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर असे रकाने छापलेली. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर मामेबहिणीनं आपल्या आईसाठी निळ्या पेनानं लिहून ठेवलेली. दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमले की सकाळच्या न्याहारीला करायची म्हणून. आधी मजकूर पूर्ण देते.

‘ओट्स ४ वाट्या, जाडे. पाकिटावर रोल्ड लिहिलेलं बघ.
दूध ४ वाट्या, संध्याकाळचं, तापवून गार केलेलं.
केळी ४, डाग पडलेली. खजूर १५, बिया काढून.
जवस २ चमचे, भाजून कुटून. वेलची. मीठ चिमूटभर.
रात्री सगळं कालवून झाकून ठेव.
सकाळी बेकिंग पावडर १ चमचा. चिकू, पेरू फोडी करून आत. तूप लावलेल्या ट्रेमध्ये ओत.
१८० वर ४० मिनिटं. मधे उघडू नको.
१० मिनिटं थांब, मग वड्या काप. डाळिंब वरून. सीताफळ वेगळं, गार.
आंघोळी होईपर्यंत होतं. तू पण बस.’

समासात दुसरं अक्षर आहे. पेन्सिलीचं, मामीचं. ‘सुंठ घालणे.’ ‘लाईट गेल्यास कुकर, शिटी व रिंग काढून, तळाला मीठ, ५० मि., निम्मेच मावते.’ आणखी दोन ओळी आहेत, त्या पुढं येतील. लेक बोलल्यासारखं लिहिते, आई पाटीवर लिहिल्यासारखं. एकाच पानावर दोन हात चाललेले दिसतात, आणि या मजकुराची निम्मी गोडी त्यात आहे.

आता ओळी एकेक घेऊ. पहिल्याच शब्दाला आळ्यात हसू येतं. ओट हे या भागाला नवं नाही. दूध-धंद्याच्या गावात ते रब्बीतलं वैरणीचं पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, दीड-पावणेदोन महिन्यांत पहिली कापणी घ्यायची, पाणी असेल तर फुटव्याची दुसरी. ‘केंट’ हे वाण जुनं; राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले हरिता’ त्यानंतरचं. ते हिरवं असतानाच गाईपुढं पडतं, त्यामुळे त्याला दाणा धरतो, तो माणसानं खायचा असतो, हे बघायची वेळच येत नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात ओट म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालायचं आणि स्कॉटलंडात माणसांनी खायचं धान्य अशा अर्थाची नोंद करून स्कॉटिश लोकांना चिमटा काढला होता. मामांच्या शेजारच्या बाबांनी जॉन्सनचं नाव ऐकलेलं नाही, पण पहिल्या दिवाळीला ट्रे बघून त्यांनी नेमका तोच विनोद केला. आळ्यात हा विनोद फार टिकत नाही. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी याच गावात आहे आणि लोक तिच्यापुढं हात जोडतात. जनावराच्या आणि माणसाच्या पंगतीतलं अंतर इथं आधीच थोडं कमी झालेलं आहे.

‘जाडे. पाकिटावर रोल्ड लिहिलेलं बघ.’ ही सूचना साधी वाटते, पण पदार्थ उभा राहणार की बसणार ते इथंच ठरतं. ओटाचं टरफल काढून दाणा वाफवतात आणि रुळांखाली चपटा करतात, तो हा रोल्ड. पोहे ज्या युक्तीनं होतात तीच ही युक्ती: दाणा आधी ओल्या उष्णतेनं नरम करायचा, मग दाबायचा, म्हणजे घरी शिजवायला वेळ लागत नाही. झटपट म्हणून मिळणारे ओट्स आणखी पातळ लाटलेले आणि बारीक केलेले असतात. रात्रभर दुधात राहिले की त्यांची खळ होते. दाणा नुसता तोडून विकतात तो चाळीस मिनिटांत दाताखाली कचकचतो. मधला, जाड पापुद्र्याचा, तेवढा या कामाचा.

वाफवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आळ्यातल्या कुठल्याही बाईला लगेच कळेल. बाजरी एकदम महिन्याची दळून ठेवत नाहीत. पीठ कडू होतं. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो आणि तो फोडणारं विकरही दाण्यातच असतं. दळल्यावर दोघांची गाठ पडते. ओटात तेल बाजरीहूनही जास्त, विकरही जोरकस. कारखान्यात वाफ देतात ती त्या विकराचा जोर मोडायला. म्हणून पाकीट महिनोन्‌महिने टिकतं, आणि म्हणूनच ते इतक्या लांबून येऊ शकतं. आपल्याकडच्या दुकानांतले पुष्कळसे ओट्स ऑस्ट्रेलियातून आलेले असतात. कालव्याच्या पाण्यावर आलेलं हिरवं ओट गाईच्या पोटात जातं, समुद्रापलीकडचं वाळलेलं ओट पातेल्यात पडतं, आणि त्या दोघांना जोडणारं दूध दुसऱ्या ओळीत येतं.

या दुधाबद्दल बहिणीनं ‘संध्याकाळचं’ एवढंच लिहिलंय. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर गाईच्या दुधाचा सगळा हिशेब ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या दोन आकड्यांभोवती फिरतो. दर ठरतो तो त्यावर. मागच्या पानावर आलं की तेच दूध वाटीत मोजलं जातं आणि फॅटचं कुणी विचारत नाही. पुढं दूध विकायचं, मागं प्यायचं. मला ही वही म्हणूनच आवडते. वाटीचं माप तर आपल्या पाकशास्त्राचं मोठं लेणं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, तिनं हे माप छापील पुस्तकात असं बसवलं की पुढच्या पिढ्यांना वजनकाटा लागलाच नाही. वाटी कुठली ते सांगावं लागत नाही. जी ओट्सला तीच दुधाला. ४ ला ४. एवढं लक्षात राहिलं की मजकूर हरवला तरी चालतो.

भट्टीत भाजलेल्या ओट्सचं हे कूळ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या आमिश आणि मेनोनाइट घरांकडं नेतात. तीही शेतकऱ्यांची घरं, गोठा दाराशी, पहाटेच्या धारा काढून आलेली माणसं. आमिश घरांत विजेची तार बाहेरून घेत नाहीत, घरात माणसं भरपूर. त्यांच्याकडं त्यात अंडी, लोणी आणि बरीच साखर पडते आणि वाढल्यावर वरून दूध ओततात. आळ्याच्या घरात माळ आहे, अंडं चालत नाही. त्याची जागा जवसानं घेतलीय. भाजून कुटलेला जवस ओला झाला की बुळबुळीत होतो आणि मिश्रण धरून ठेवतो. चटणीपुरता उरलेला जवस इथं असा अचानक मोठ्या कामाला लागतो. कुस्करलेली केळी त्याला हात देतात. म्हणजे ‘केळी ४, डाग पडलेली’ ही ओळ गोडीसाठी आहे तशी बांधणीसाठीही आहे. सालीवर काळे ठिपके आले की आतल्या पिठूळ भागाची साखर झालेली असते. बाजारात असं केळं मागं पडतं, इथं त्याचीच गरज.

साखर कुठंच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तालुक्यात विघ्नहर कारखाना, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि पानावर साखरेचा एक चमचा नाही. मामीनं पहिल्या खेपेला खजुराच्या जागी गूळ सुचवला होता म्हणे. गुळाला लेकीनं नकार दिला तो पथ्यासाठी नव्हे. गुळात आंबटपणा आणि क्षार असतात, दुधाबरोबर तापला की दूध फाटण्याचा धोका असतो. खिरीत आपण गूळ शेवटी, गॅस बंद करून घालतो. इथं शेवट असा नाहीच, सगळं एकत्रच तापणार. खजूर रात्रभर दुधात मऊ होतो, सकाळी बोटांनी चिरडला की मिश्रणात विरतो, काही तुकडे तसेच राहतात आणि ते खाताना सापडतात. मात्र खजुराची साखर ही साखरच. ‘साखर नाही’ म्हणून मधुमेही माणसानं तीन वड्या खाव्यात असा याचा अर्थ काढू नये. मामीचा पेन्सिलीचा ‘सुंठ घालणे’ इथं फार नेमका पडतो. केळं, खजूर आणि चिकू एकत्र आले की गोडाला टोक राहत नाही. सुंठ ते आणते.

आता फळं. या मजकुरातली सर्वांत श्रीमंत ओळ ही, आणि ती लिहिणारीला आपण काय लिहून गेलो याची कल्पना नसावी. ‘चिकू, पेरू आत. डाळिंब वरून. सीताफळ वेगळं, गार.’ चार फळं, तीन जागा. दिवाळीच्या सुमाराला जुन्नर-आंबेगावात जे मिळतं ते सगळं इथं आहे, पण ओतून दिलेलं नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणं पाट मांडून दिलाय. चिकू तापला की बिघडत नाही, उलट त्याची रवाळ गोडी भाजलेल्या दुधाशी मिसळते. पेरूच्या फोडी आकार सोडत नाहीत. बिया काढल्या तर वडीत गुलाबी-पांढरे चौकोन दिसतात आणि किंचित आंबट वास राहतो. डाळिंब आत घातलं असतं तर दाण्यांतला रस निघून गेला असता आणि चघळायला नुसत्या बिया उरल्या असत्या. म्हणून ते कापल्यानंतर, वरून, थंड. गरम वडी आणि गार दाणा असा घास होतो. लाल रंगही टिकतो, आणि या पदार्थाला रंगाची गरज किती आहे ते पुढं सांगते.

सीताफळाची गोष्ट आणखी नाजूक. त्याचा गर तापला की कडवट होतो, रंगही काळवंडतो. फळप्रक्रियेच्या धंद्यातली ही जुनी डोकेदुखी आहे. घरात हे पुस्तकातून येत नाही. कुणीतरी कधीतरी सीताफळाची बासुंदी गॅसवर ठेवून चाखलेली असते. ‘वेगळं, गार’ या दोन शब्दांत तो अनुभव मुरलेला आहे. ताटात वडीशेजारी गराचा ढीग, ज्याला हवा त्यानं लावून घ्यावा. आणि द्राक्षं? द्राक्षांच्या तालुक्यात त्यांचं नाव नाही, कारण नोव्हेंबरात ती वेलीवर तयार नसतात, ती जानेवारीनंतरची. हंगाम नसलेलं फळ शहरातून आणून घालायचा मोह या मजकुराला झालेला नाही. शिमग्याला हाच ट्रे झाला तर काळी द्राक्षं येतील, आणि तेव्हा मी सुचवेन की ती वरूनच घाला. आत ती फुटतात, पाणी सोडतात आणि वडी तळाशी ओली राहते. बेदाणे मात्र आत खुशाल.

फळ आणि ओट यांत मोठं कोण, हा वाद जुना आहे. झुरिचचे डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या आसपास रुग्णांसाठी जी थाळी काढली, जिचं पुढं म्युझली झालं, तिच्यात किसलेलं सफरचंद हा मुख्य पदार्थ होता आणि रात्रभर भिजवलेले ओट्स फक्त एक मोठा चमचा. पाकिटवाल्यांनी नंतर प्रमाण उलटं केलं. आळ्याच्या पानावर चार वाट्या ओट्सना चार केळी, पंधरा खजूर आणि वर तीन-चार फळं आहेत. बिर्खर-बेनरांना हे पटलं असतं असं नाही, पण पाकिटवाल्यांपेक्षा ते त्यांच्या जास्त जवळ आहे.

‘रात्री सगळं कालवून झाकून ठेव.’ ओटात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो, वजनाच्या साधारण ४ टक्के. तो दूध शोषून फुगतो आणि त्याचा दाट लिबलिबीत रस होतो. वडी धरते ती यामुळं. आणि कोलेस्टेरॉलबद्दल जे बोललं जातं तेही याच्याबद्दलच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली पाकिटावर तसा दावा छापायला परवानगी दिली, पण त्याला अट होती, दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं. आता हिशेब करा. चार वाट्या ओट्स म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. आठ वड्या पाडल्या तर एका वडीत २८ ग्रॅम ओट्स आणि जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास बीटा-ग्लुकन. म्हणजे औषध म्हणून खायचं तर तीन वड्या रोज. दिवाळीच्या चार सकाळींनी कुणाचं कोलेस्टेरॉल उतरत नाही. बाजरीनंही मान खाली घालायचं कारण नाही. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा, शिवाय लोह बरं. ‘हेल्दी’ म्हणून हा पदार्थ घरात आला असेल, पण घरात टिकला तो दुसऱ्याच कारणानं.

ते कारण शेवटच्या ओळीत आहे, पण त्याआधी भट्टीपाशी थांबावं लागेल. ‘१८० वर ४० मिनिटं. मधे उघडू नको.’ आपल्या स्वयंपाकात उघडून बघणं, ढवळणं, चव घेणं हा हक्क आहे. पोह्यांवरचं झाकण आपण तीनदा काढतो. या पदार्थात तो हक्क सोडावा लागतो. सकाळी ऐन वेळी घातलेली बेकिंग पावडर ओल्यात पडताच कामाला लागते, उष्णतेत बुडबुडे वाढतात, वरचा भाग उचलला जातो. कडा आधी घट्ट होतात, मधला भाग शेवटी. दार उघडलं की उष्णता जाते आणि मधला भाग बसतो. बेकिंग पावडर रात्रीच का घालायची नाही तेही यातूनच कळतं. ओव्हन घरात नव्हते तेव्हाही भाजणं आपल्याला परकं नव्हतं. कोकणात काकडीचं धोंडस खाली-वर निखारे ठेवून होत असे. दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन लोक गावच्या बेकरीत भाजून आणत. मामीचा कुकर याच वंशातला. शिटी आणि रिंग काढली म्हणजे वाफेचा दाब राहत नाही, तळाचं मीठ उष्णता धरतं आणि जळू देत नाही, मंद गॅसवर पन्नास मिनिटं. वरून लाली येत नाही एवढंच. ‘निम्मेच मावते’ ही तिची भर प्रामाणिक आहे. लाईट गेली तर आठांच्या घरात चारांचीच न्याहारी होणार हे ती आधीच सांगून ठेवते.

आणि मग: ‘आंघोळी होईपर्यंत होतं. तू पण बस.’

सुट्टीच्या सकाळी आपल्या घरांत न्याहारी कशी होते ते आठवून बघा. पोहे करायचे तर पहिल्या ताटल्या निघतात तेव्हा शेवटचा माणूस आंघोळीला गेलेला असतो. त्याच्यासाठी पुन्हा हबका मारून गरम करायचे. थालीपीठ म्हणजे तर तव्यापाशी तासभर. एक निघालं की एकाच्या ताटात, दुसरं दुसऱ्याच्या, ‘अजून एक घे’ आतून, ‘आता बास’ बाहेरून, आणि करणारीच्या वाट्याला शेवटचं, लोण्याचा गोळा संपल्यावरचं. या सगळ्यात प्रेम असतं, चवही असते. पण करणारीचं तोंड भिंतीकडं असतं. बाहेर बहीण-भाऊ वर्षानं भेटतात, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या लग्नाचं बोलणं निघतं, आणि तिच्या कानावर त्याचे तुकडे येतात.

भाजलेल्या ओट्सचा गुण हा, की तो एकाच वेळी सगळ्यांना गरम मिळतो आणि शेवटची चाळीस मिनिटं त्याला माणूस लागत नाही. मिश्रण रात्रीच झालेलं. सकाळी फोडी, ट्रे, दार बंद. मधे उघडायचं नाही म्हणजे मधे उभंही राहायचं नाही. पाश्चात्त्य घरांत तो नाताळच्या सकाळी करतात तोही याचसाठी; मुलं भेटवस्तू उघडत असतात आणि आईला स्वयंपाकघरात अडकायचं नसतं. बहिणीनं हे कुठं वाचलं असेल, पुण्याच्या कुठल्या घरी पाहिलं असेल, ते मला माहीत नाही. पण वर सगळीकडं ‘ठेव’, ‘ओत’, ‘काप’ अशा हुकमी क्रियापदांनी आईला कामाला लावणारी ही लेक शेवटच्या आज्ञेत काम काढून घेते. आधीच्या सगळ्या आज्ञा या एकीसाठी होत्या हे तिथं पोचल्यावर कळतं. कवितेत याला काय म्हणतात ते परीक्षकांनी ठरवावं.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर हे रसग्रहण न राहता जाहिरात होईल. पहिला दोष रूपाचा. ट्रेमधून निघालेली वडी मातकट दिसते. डाळिंब नसेल तर तिच्याकडं बघून भूक लागेल असं नाही. दुसरा, आवाज नाही. आपल्या न्याहारीची वर्दी मोहरीच्या तडतडण्यानं मिळते. इथं वेलची आणि भाजलेल्या दुधाचा वास येतो तो उशिरा आणि हळू. तिसरा दोष मोठा आहे. तिखट-मीठ नाही. सलग दोन सकाळी कुणी हे खाणार नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, चकल्या-शेव-अनारशांनी तोंड जड झालेलं असताना, ते बरं वाटतं. तीच त्याची वेळ. मासवडीच्या मुलखात त्यानं यापेक्षा जास्त जागा मागू नये. मसाला घातलेली झटपट ओट्सची पाकिटं ही उणीव भरून काढायला निघालीत, पण त्यांत ना पोह्यांची चव, ना ओटाचा पोत.

समासातली तिसरी पेन्सिल-ओळ अशी: ‘यांना गार चालत नाही. उरल्यास तव्यावर तूप सोडून.’ मूळ मजकुरात उरण्याचा विचारच नाही. लेकीला वाटलं सगळं संपेल. आईला माहीत असतं. आणि खरं सांगायचं तर हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली वडी घट्ट होते, आडवी कापून तुपावर टाकली की दोन्ही अंगांनी खरपूस होते, खजुराचे तुकडे करपायच्या बेतात येतात, आणि काल न मिळालेली लाली आज येते. त्यासाठी पुन्हा कुणीतरी तव्यापाशी उभं राहावं लागतं, ते वेगळं. गेल्या खेपेला तिथं मामा उभे होते, आणि वडी मोडू न देता उलटायला त्यांना ठीक जमत होतं.

चौथी ओळ प्रश्न आहे. ज्वारीचे पोहे हल्ली सगळीकडं मिळू लागलेत. ते बघूनच मामीनं पेन्सिलीनं विचारलंय: ‘ज्वारीचे पोहे निम्मे चालतील का?’ त्याखाली निळ्या पेनानं उत्तर: ‘निम्मे नको. पाव.’ उत्तर बरोबर आहे. ज्वारीत तो लिबलिबीत चोथा नाही, ती दूध पिते पण धरत नाही. निम्मी घातली तर वडीचा चुरा होणार, जवस वाढवला तरी. मामीनं त्यावर पुढं काही लिहिलेलं नाही. या दिवाळीला तिनं निम्मेच घातले. वड्या कापताना भुगा झाला, तो वाट्यांत भरून वरून गरम दूध ओतून खाल्ला, आणि मामी आमच्यात बसून दुसरी वाटी घेताना म्हणाली की जवस तीन चमचे हवा होता.